मागच्या खोलीपर्यंत वायफाय नेताना

आमच्या घरात फायबरची तार पुढच्या खोलीत येते आणि राउटरही तिथेच आहे. आई गाणं शिकवते ती मात्र सगळ्यात मागच्या खोलीत, कारण रस्त्यावरचा आवाज तिथे पोचत नाही. मधे एक खोली, एक पॅसेज, दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिचे वर्ग टॅबवर चालतात. तक्रार नेहमी पलीकडून यायची, “ताई, तुमचा आवाज तुटतोय.” आईला मात्र विद्यार्थी स्वच्छ ऐकू यायचे आणि टॅबवर वायफायच्या निम्म्याहून जास्त रेघा दिसायच्या. त्यामुळे संशय आधी अॅपवर गेला, मग इंटरनेट कनेक्शनवर.

दोष या दोन्हींत नव्हता. वायफायवर दोन्ही बाजूंना बोलावंही लागतं आणि ऐकावंही लागतं. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचे अँटेना ऐसपैस असतात. टॅब बॅटरीवर चालतो, त्याचा अँटेना कडेला कुठेतरी दाबून बसवलेला असतो आणि त्याची लहरी पाठवण्याची ताकद साधारणपणे राउटरपेक्षा कमी असते. म्हणून राउटरचं बोलणं टॅबला ऐकू येतं, पण टॅबचं राउटरपर्यंत पोचेलच असं नाही. आणि त्या रेघा फक्त टॅबला किती ऐकू येतंय तेवढंच दाखवतात. टॅबचं राउटरला किती ऐकू जातंय, हे त्यांच्यावरून कळत नाही. घरातले बाकीचे मागच्या खोलीत बसून व्हिडिओ बघायचे तेव्हा काही जाणवत नसे, कारण त्यात जवळजवळ सगळा डेटा राउटरकडून फोनकडे येतो, शिवाय पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवलेले असतात. थेट चालणाऱ्या शिकवण्यात असं भरून ठेवायला वेळच नसतो. षड्ज गेला तर गेला.

हे लक्षात आल्यावर मी आधी मोजायला घेतलं. अँड्रॉइड फोनवर सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप, त्यातला एक अंक म्हणजे एक डेसिबल) दाखवणारी अॅप सहज मिळतात. मॅक संगणकावर ऑप्शन बटण दाबून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं, तरी तोच आकडा दिसतो. हा आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. त्याची चाल लक्षात ठेवायला हवी. आकडा ३ ने उतरला की ताकद निम्मी होते, १० ने उतरला की दहावा हिस्सा राहतो. आमच्याकडे राउटरजवळ उणे ३८ होता, पॅसेजमध्ये उणे ५२, मागच्या खोलीच्या दारात उणे ६६, आणि दार लावून आईच्या बैठकीपाशी उणे ७८. म्हणजे राउटरजवळ जेवढी ताकद होती तिचा दहा हजारावा भाग तिथे पोचत होता. वायफायवरून फोनवर बोलण्याची सोय आखणारे लोक साधारण उणे ६७ ही मर्यादा धरतात. त्याच्या खाली गेलं की इंटरनेट चालतं, पण आवाजाचा भरवसा राहत नाही. आई त्या मर्यादेच्या ११ डेसिबल खाली बसून शिकवत होती.

फोन हातात धरून हळूहळू चालत गेलं की घराचा एक वेगळाच नकाशा समोर येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, पण घरात अंतरापेक्षा मधे काय आहे याला महत्त्व जास्त. साधी विटांची भिंत थोडं खाते, लोखंडी सळ्यांचं काँक्रीट बरंच जास्त खाते. कपाटाचा पत्रा लहरींना आरपार जाऊच देत नाही. आरसाही तसाच, कारण काचेमागे धातूचा पातळ थर असतो. पाणी लहरी शोषून घेतं, म्हणून बाथरूमची भिंत, पाण्याची टाकी, माशांची काचपेटी आणि खोलीत बसलेली माणसंसुद्धा आकडा खाली ओढतात. आमच्याकडे मागच्या खोलीचं दार लावल्यावर तीन-चार डेसिबल जायचे, आणि दाराशेजारचं कपाट त्याहून मोठा अडसर होतं.

एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पोचवणारं छोटं यंत्र, घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहण्यासारखा असतो, तो म्हणजे राउटरची जागा. आमचा राउटर टीव्हीच्या मागे, जवळजवळ जमिनीवर होता. टीव्हीची पाठ म्हणजे पत्र्याचाच पडदा. तार पुरेल तेवढा तो बाजूला घेतला, उंच फळीवर ठेवला आणि अँटेना सरळ उभे केले. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने फार कमी जातात. एकाच मजल्यावरच्या घरात त्यामुळे ते उभेच बरे. एवढ्यावर बैठकीपाशी उणे ७३ मिळाले. पाच डेसिबल म्हणजे तिपटीहून जास्त ताकद, तीही काही विकत न आणता. पण उणे ६७ अजून लांब होते.

सगळ्यात उत्तम उपाय मला ठाऊक होता. पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत इथरनेटची केबल टाकायची आणि तिथे अॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं इंटरनेट वायफायवर देणारं यंत्र) लावायचा. साध्या कॅट ५ ई केबलवर १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट जातो आणि मधल्या भिंतींशी काही घेणंदेणं राहत नाही. ज्यांना केबल टाकता येते त्यांनी एक्स्टेंडरच्या वाटेला जाऊ नये, असं मी आजही सांगते. आमचं घर भाड्याचं. भिंतीला भोकं पाडायची परवानगी नव्हती, आणि दारांच्या चौकटीतून केबल नेली तर दारं लागत नव्हती. म्हणून एक्स्टेंडर. घेताना दोन गोष्टी मात्र पाहून घेतल्या. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वायफायच्या लहरींच्या दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी चालणारा हवा, आणि त्याला इथरनेटचं एक तरी पोर्ट हवं. पोर्ट असलं की पुढे कधी केबल टाकता आली, तर तेच यंत्र अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतं.

खोक्यावरच्या आकड्याबद्दलही सांगायला हवं. ‘एसी १२००’ लिहिलेलं असतं ती बेरीज असते. २.४ वर जास्तीत जास्त ३०० आणि ५ वर ८६७ मेगाबिट, मिळून साधारण १२००. कुठल्याही एका फोनला हे दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिवाय हे आकडे हवेतल्या जोडणीचे आहेत. डेटाच्या पाकिटांची (छोट्या तुकड्यांची) पोच देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं यात बराच वेळ जातो, म्हणून हातात पडणारा वेग चांगल्या परिस्थितीतही जवळपास निम्माच असतो. अशा अनेक एक्स्टेंडरचं इथरनेट पोर्टही सेकंदाला १०० मेगाबिटचंच असतं. आमची गरज एवढीही नव्हती. ऑनलाइन बोलण्यातल्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत, आणि चित्र धरलं तरी दोन-तीन मेगाबिटमध्ये भागतं. आईला वेग नकोच होता. तिला न अडखळणारी जोडणी हवी होती, आणि पुढचे सगळे निर्णय मी त्या हिशेबाने घेतले.

एक्स्टेंडर पहिल्यांदा राउटरच्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर लावला. हे महत्त्वाचं आहे. जोडणी करताना सिग्नल भक्कम असेल तर काही अडलंच, तर ते सेटिंगमुळे अडलं एवढं तरी नक्की होतं. अंतराचा संशय मधे येत नाही. जोडण्याचे मार्ग दोन. पहिला डब्ल्यूपीएस बटणाचा. राउटरवरचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं दाबायचं, की पासवर्ड न टाकता दोघं एकमेकांना ओळखतात. माझ्या राउटरवर डब्ल्यूपीएस बंद होतं आणि मी ते बंदच ठेवलं. त्याच सोयीत आठ आकडी पिनने जोडण्याचा एक प्रकार आहे आणि त्यातली त्रुटी २०११ मध्येच उघड झाली होती. राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यता तपासायची गरज उरत नाही, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत काम होतं. बटणाच्या पद्धतीत ही त्रुटी नाही, पण माझ्या राउटरवर दोन्हींना मिळून एकच स्विच होता.

म्हणून दुसरा मार्ग, ब्राउझरचा. एक्स्टेंडर सुरू झाल्यावर स्वतःचं एक तात्पुरतं नेटवर्क दाखवतो. फोन त्याला जोडायचा आणि यंत्राच्या पाठीवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. इथे पुष्कळ लोक अडतात, कारण या नेटवर्कवर अजून इंटरनेट नसतं. फोनला ते कळतं आणि तो परस्पर मोबाइल डेटावर जातो. मग पान उघडतच नाही आणि यंत्रच बिघडलेलं असावं असं वाटू लागतं. मोबाइल डेटा आधी बंद केला की पान लगेच उघडतं. पहिल्याच पानावर अॅडमिनचा पासवर्ड मागतात. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा आणि कुठेतरी लिहून ठेवावा, कारण तो लागतो तेव्हा वर्ष-दोन वर्षं उलटून गेलेली असतात.

मग यंत्र आसपासची नेटवर्कं शोधून यादी दाखवतं. २.४ च्या यादीत आमचं नेटवर्क सगळ्यात वर होतं. ५ च्या यादीत ते नव्हतंच. राउटर हाताच्या अंतरावर, फोनला त्याचा ५ गिगाहर्ट्झ उत्तम दिसत होता, आणि एक्स्टेंडरला मात्र पत्ता नाही. उत्तर राउटरच्या सेटिंगमध्ये सापडलं. चॅनल, म्हणजे पट्ट्यातली राउटरने घेतलेली जागा, ‘ऑटो’वर होतं आणि राउटरने आपणहून १०० क्रमांकाचं चॅनल घेतलं होतं. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनलं रडारच्या वाट्याच्या लहरींमध्ये येतात, त्यात हवामानाचे रडारही असतात. तिथे बोलायला सुरुवात करण्याआधी राउटरला निदान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं, आणि रडार जाणवला तर जागा सोडावी लागते. साध्या एक्स्टेंडरांपैकी अनेकांमध्ये ही सोय नसते, म्हणून ते त्या चॅनलांकडे बघतच नाहीत. राउटरचं चॅनल ३६ वर पक्कं केलं, पुन्हा शोध घेतला, आणि नाव यादीत आलं. एक्स्टेंडरला ५ गिगाहर्ट्झ दिसत नसेल तर सगळ्यात आधी इथे बघा. यंत्र परत करायला निघालेल्या किती जणांचं काम या एका सेटिंगने झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

सुरक्षेची सेटिंगही अशीच अडवू शकते. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुने एक्स्टेंडर जोडले जात नाहीत. आमच्याकडे डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील अशी मिश्र सेटिंग होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. जोडणी झाल्यावर लगेच फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत केलं. एक्स्टेंडरच्या नेटवर्कला तेवढ्यापुरतं राउटरपेक्षा वेगळं नाव दिलं. जागा ठरवताना फोन कोणाशी बोलतोय हे नक्की कळायला हवं. दोघांचं नाव एकच असेल तर आपण एक्स्टेंडरचा आकडा समजून राउटरचाच मोजत बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. जोडणी झाल्यावर पाठीवर छापलेला पत्ता चालेनासा होतो, कारण आता एक्स्टेंडरला राउटरने नवा आयपी पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो सापडतो. मी तो तिथेच राखून ठेवला, म्हणजे दरवेळी तोच मिळतो. घरात पत्ते वाटण्याचं काम एकट्या राउटरनेच करायचं. एक्स्टेंडरची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी, सेवा ‘ऑटो’वर किंवा बंद हवी, नाहीतर दोघंही पत्ते वाटू लागतात आणि काही उपकरणं जोडलेली दिसूनही इंटरनेटवर पोचत नाहीत.

आता जागा. खरं काम इथेच असतं. खोक्यातल्या कागदावर असतं, ‘राउटर आणि सिग्नल नसलेली जागा यांच्या मधोमध लावा.’ पण अंतराचा मध्य आणि सिग्नलचा मध्य एक नसतो. दोन खोल्यांमध्ये उभं राहून इकडचा निरोप तिकडे सांगणाऱ्या माणसाचं जे असतं तेच एक्स्टेंडरचं. त्याला जे नीट ऐकू आलं नाही ते तो नीट सांगू शकत नाही. म्हणून दोन टप्पे वेगवेगळे मोजावे लागतात. राउटर ते एक्स्टेंडर हा पहिला. तो एक्स्टेंडरच्या पानावर दिसतो, किंवा त्या सॉकेटपाशी फोन धरून राउटरचा आकडा बघता येतो. एक्स्टेंडर ते टॅब हा दुसरा. तो बैठकीपाशी मोजायचा.

पहिली जागा मागच्या खोलीच्या अगदी दाराजवळची. बैठकीपाशी उणे ४५ आले, टॅबवर सगळ्या रेघा भरल्या, आणि आई म्हणाली, “झालं की गं!” पण एक्स्टेंडरच्या पानावर पहिल्या टप्प्याचा आकडा ५ गिगाहर्ट्झवर उणे ७४ होता. टॅब एक्स्टेंडरशी सुरेख बोलत होता, आणि एक्स्टेंडर राउटरशी बोलताना तसाच अडखळत होता जसा आधी टॅब अडखळायचा. रेघांची गफलत इथे सगळ्यात मोठी असते, कारण त्या फक्त दुसऱ्या टप्प्याच्या असतात. पहिला टप्पा कितीही वाईट असला तरी त्या भरलेल्याच दिसणार. एक्स्टेंडर लावूनही वेग नाही म्हणणाऱ्यांच्या घरी मला बहुतेक वेळा हेच दिसलं आहे. सिग्नल नाही त्या खोलीतच यंत्र लावलेलं असतं.

दुसरी जागा पॅसेजमधली, राउटरच्या बरीच जवळ. पहिला टप्पा उणे ५३, फारच छान. पण मधे तेच कपाट, आणि बैठकीपाशी एक्स्टेंडरचा आकडा उणे ७२. राउटरची जागा बदलून जे मिळालं होतं त्याच्याहून नावापुरतंच चांगलं.

तिसरी जागा मधल्या खोलीत. तिथल्या एका कोपऱ्यातून पॅसेजचं दार सरळ रेषेत दिसतं, आणि दुसऱ्या बाजूने मागच्या खोलीची भिंत मधे येते, पण कपाट येत नाही. सॉकेट जमिनीलगत पलंगामागे होतं. तिथेच लावला असता तर गादी आणि पलंगाचा लोखंडी सांगाडा आड आला असता. म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन यंत्र फळीवर छातीएवढ्या उंचीवर ठेवलं. पहिला टप्पा ५ गिगाहर्ट्झवर उणे ६०, दुसरा २.४ वर उणे ५८. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि दोन्ही मर्यादेच्या वर. कुठलाही एक आकडा फार चमकदार नाही. अशीच जागा मी शोधत होते. दारं उघडी ठेवून आणि लावून, दोन्ही वेळा मोजलं. वर्ग दार लावूनच चालतो, त्यामुळे धरायचा तो दार लावल्यावरचा आकडा.

मग प्रश्न आला तो कोणता टप्पा कोणत्या पट्ट्यावर चालवायचा. निरोप्याला ऐकणं आणि सांगणं एकाच वेळी जमत नाही. एकाच पट्ट्यावर, एकाच चॅनलवर दोन्ही टप्पे चालले तर प्रत्येक पाकीट हवेत दोनदा जातं आणि वेग निम्मा होतो. दोन पट्ट्यांच्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे. राउटरकडचा टप्पा ५ वर, टॅबकडचा २.४ वर. दोन वेगळे रेडिओ, त्यामुळे एक ऐकत असताना दुसरा बोलू शकतो. एकाच ताकदीने पाठवलं तरी त्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झ २.४ पेक्षा सहा-सात डेसिबल खाली असतो आणि भिंतीही त्याला जास्त अडवतात, म्हणून मोकळ्या बाजूचा टप्पा ५ वर आणि भिंतीपलीकडचा २.४ वर, ही वाटणी आमच्या घराला जुळली. तुमच्या घरात उलटं जुळेल कदाचित. मोजून बघायला फार वेळ लागत नाही.

२.४ ची स्वतःची दुखणी आहेत. हा पट्टा अरुंद आहे. चॅनलं पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेली, आणि एक चॅनल वीस मेगाहर्ट्झ जागा घेतं. म्हणून १, ६ आणि ११ एवढीच एकमेकांच्या अंगावर न येणारी. संध्याकाळी, शेजारपाजारची सगळी माणसं घरी असताना, मी अॅपवर पाहिलं तर ६ वर दाटी होती आणि ११ वर दोनच क्षीण नेटवर्कं. एक्स्टेंडरचं २.४ चं चॅनल ११ केलं, राउटरचं १ ठेवलं. एक्स्टेंडर राउटरशी ५ वर जोडलेला असल्यामुळे हे जमलं. २.४ वर जोडलेला असता तर त्याला राउटरचंच चॅनल धरावं लागलं असतं. रुंदीही ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. कागदावरचा वेग उतरला आणि जोडणी शांत झाली. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो सुरू असताना त्याच्या शेजारी मोजलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

शेवटी नावं. आता नाव एकच करायचं की वेगळं ठेवायचं, यावर लोक हिरीरीने बोलतात. नाव आणि पासवर्ड एकच ठेवला की फोन आपणहून राउटरवरून एक्स्टेंडरवर जातो, हे खरं, पण कधी जायचं ते फोन ठरवतो. राउटरच्या हातात ते फारसं नसतं. पुष्कळ फोन जुनी जोडणी उणे ७०-७५ पर्यंत सोडत नाहीत, शेजारी चांगला सिग्नल असला तरी. ८०२.११ के, व्ही आणि आर ही मानकं फोनला याबाबत मदत करतात, पण ती दोन्ही बाजूंना असावी लागतात आणि साध्या एक्स्टेंडरमध्ये ती सगळी मिळतीलच असं नाही. हातात धरून हिंडण्याच्या फोनांना एकच नाव सोयीचं आहे. आईचा टॅब मात्र हिंडत नाही, त्याची जागा ठरलेली आहे. तो राउटरला चिकटून राहिला असता तर सगळी खटपट वाया. म्हणून एक्स्टेंडरच्या ५ गिगाहर्ट्झला घरातलंच नाव दिलं आणि २.४ ला वेगळं. टॅबच्या आठवणीतून घरचं जुनं नेटवर्क काढून टाकलं आणि त्याला हे वेगळं नावच तेवढं दिलं. आता त्याच्यापुढे निवड करायचा प्रश्नच उरला नाही.

मग पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. टॅबवरून थेट राउटरला पिंग केलं, इंटरनेटवरच्या कुठल्या सर्व्हरला नाही, कारण मला फक्त घरातला भाग तपासायचा होता. आधी याच बैठकीवरून उत्तरं कधी ८ मिलिसेकंदांत यायची, कधी ३०० मध्ये, आणि मधूनच काही येतच नसत. आता ती ५ ते १५ मध्ये येऊ लागली, एकही न गळता. वेगाची चाचणी केली तर ३५ मेगाबिट मिळाले, राउटरजवळ मिळतात त्यापेक्षा बरेच कमी. त्याची मला फिकीर नव्हती. तीनशेवरून पंधरावर आलेला तो आकडा बघून मात्र फार बरं वाटलं, कारण आवाज तुटत होता तो त्याच्यामुळेच. त्या संध्याकाळी आईने तंबोरा लावून विद्यार्थ्यांना नुसता षड्ज ऐकवला आणि पलीकडून विचारणा झाली की नवीन माइक घेतला का.

त्यानंतर काही गोष्टी वापरता वापरता कळल्या. राउटरच्या यादीत एक्स्टेंडरमागची सगळी उपकरणं एक्स्टेंडरच्याच मॅक पत्त्याने (उपकरणाच्या ओळखीच्या क्रमांकाने) दिसू लागली. असे बरेच एक्स्टेंडर आपल्या मागच्या उपकरणांच्या वतीने स्वतःचा पत्ता पुढे करतात. एखाद्या घरात मुलांच्या टॅबला रात्री इंटरनेट बंद अशी वेळ राउटरवर लावलेली असेल, किंवा ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश असेल, तर ते नियम एक्स्टेंडरमागे विस्कटतात. आमच्या प्रिंटरचा राखून ठेवलेला पत्ता यामुळेच चालेनासा झाला. प्रिंटर पुन्हा राउटरवर नेला आणि प्रश्न मिटला. मधल्या खोलीतला टीव्ही एक्स्टेंडरच्या इथरनेट पोर्टला केबलने जोडला. टीव्ही हवेवरून उतरला की हवेतली तेवढी जागा बाकीच्यांना मोकळी होते.

वीज जाऊन आली की एक्स्टेंडर आधी जागा होतो आणि राउटर मागाहून. राउटर आणि फायबरचा डबा पूर्ण सुरू व्हायला दोनेक मिनिटं घेतात. तोवर एक्स्टेंडर शोधून थकतो आणि कधीकधी लाल दिवा लावून बसतो. तेव्हा सेटिंगमध्ये हात घालायचा नाही. राउटर पूर्ण सुरू झाला की एक्स्टेंडर फक्त बंद करून चालू करायचा. कोणीतरी घाईत रीसेट दाबलं तर सगळी मांडणी पुसली जाते, म्हणून घरच्यांना हे सांगून ठेवलं आहे, आणि मांडणीची फाइलही एक्स्टेंडरच्या पानावरून उतरवून ठेवली आहे.

एक खोली आणखी मागे असती तर दुसरा एक्स्टेंडर पहिल्याला जोडावा का, असं एका शेजाऱ्यांनी विचारलं. माझं उत्तर नाही असं होतं. प्रत्येक टप्प्यावर उशीर वाढतो आणि पहिल्याचा अडखळा दुसऱ्यात जातोच. तिथे मेश (मिळून एकच नेटवर्क पसरवणारा उपकरणांचा संच) घ्यावी, तीही शक्यतो राउटरशी बोलायला वेगळा तिसरा रेडिओ असलेली, नाहीतर एका टोकाला तरी केबल टाकावी. वेगवेगळ्या कंपन्यांची मेश उपकरणं एकत्र चालावीत यासाठी वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश हे प्रमाणपत्र आणलं. घेताना राउटर आणि उपग्रह (मेशची बाकीची उपकरणं) दोन्हींवर त्याचा उल्लेख आहे का, ते बघावं.

राउटरचा पासवर्ड बदलला की एक्स्टेंडरला तो आपोआप कळत नाही. त्याच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांसाठी नवा टाकावा लागतो. आणि घरचा पासवर्ड त्या छोट्या यंत्रात साठलेला असतो. त्यामुळे ते कोणाला द्यायचं झालं किंवा टाकायचं झालं, तर आधी पिनेने रीसेटचं बटण दहा-बारा सेकंद, दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर सुरुवातीचं तात्पुरतं नेटवर्क दिसतंय ना, एवढं बघून घ्यायचं.